मथुराक्काचा तांब्या आणि म्याडमचे मासे

तेराव्याला सगळी बसली होती तेव्हा आमचे मुकुंदराव मामा म्हणाले, बिचारी मथुरा, जन्मभर लोकांचे पाय धुतले तिनं. मामांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ते बिचारी मला लागलं. मी तिची धाकटी बहीण शेवंता. एकाच पार्लरमध्ये तिच्या शेजारी उभी राहून काम केलंय मी. तिथं बिचारी कुणी नव्हती. म्हणून लिहिते. लिहायची सवय नाही, चौथीपर्यंत शाळा, नातीनं मोबाईलवर मराठी अक्षरं लावून दिली, बोलते तसं टाकते. आमच्या घरच्यांनी वाचावं, आणि जिच्या जिच्या पायाला अक्काचा हात लागलाय तिनं पण.

आमचं गाव अळणावरच्या अलीकडं. अप्पा मजुरीला, आई तानूबाई पण मजुरीला. काटा मोडला तर काढायचा चिमटा आमच्या गल्लीत एकच होता. एकीचा काटा निघाला की पदराला पुसायचा आणि पुढच्या घरी. आईच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला, त्या चिमट्यानं काढला, आणि अंगठा नासला. धारवाडला नेऊन कापावा लागला. चिमट्यानंच झालं का आणि कशानं, देवाला ठाऊक. पट्टी बदलायचं काम अक्काकडं, ती तेव्हा परकर पोलक्यातली. त्यानंतर तिनं एकाचं दुसऱ्याला कधी लावू दिलं नाही. तिचा कंगवा घेतला म्हणून मी मार खाल्लाय.

लग्न होऊन ती हुबळीला आली. भावजी, म्हणजे आनंदा, मिरचीच्या गोडाऊनमध्ये हमाल. माझं पण लग्न मग हुबळीतच झालं, दोन गल्ल्या सोडून. चौऱ्याण्णव सालची गोष्ट असेल, लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळात वेदश्री म्याडमनी घराच्या पुढच्या खोलीत लेडीज पार्लर काढलं. मराठी घर, नवरा वकील. अक्का तिथं केर फरशीला लागली. म्याडमच्या सासूबाई वेणूबाई, त्यांना शुगर, टाचांना ही एवढाल्या भेगा. एक दिवस मागच्या पडवीत अक्कानं त्यांचे पाय गरम पाण्यात घालून, वज्रीनं हळू घासून, लोणी लावून दिलं. वेणूबाई सुनेला म्हणाल्या, "अगं वेदश्री, हिला केर काय काढायला लावतेस. हिचा हात बघ."

झालं, अक्का पायाला बसली आणि तिच्या जागी केर फरशीला मी लागले. खिडकीजवळची खुर्ची गिऱ्हाइकाची, खाली बुटक्या स्टुलावर अक्का. मांडीवर स्वच्छ फडकं, फडक्यावर पाय. आधी निसतं बघायची. बोटांच्या बेचक्यात, नखाच्या कडेला, टाचेखाली. मग पाणी. एक बाई उठली की तिचं पाणी गेलं, फडकं गेलं, वज्री आणि कात्री कुकरमध्ये. हो, कुकर. तिनं घरचा जुना कुकर आणून ठेवला होता, त्यात हत्यारं उकळायची. शिट्टी झाली की नवीन बाई विचारायची, "इथं भात लावलाय काय?" आणि अक्का सांगायची, "व्हय, तुमच्याच पायाचा."

एक मजा सांगते. आमच्याकडं कुणाला चुकून पाय लागला की आपण लगेच वाकून त्याला हात लावतो आणि डोळ्याला लावतो. माणसाला, पुस्तकाला, धान्याला, कशाला पण. आता इथं तर गिऱ्हाइकाचा पाय अक्काच्या मांडीवर. कॉलेजच्या पोरी, लग्न ठरलेल्या मुली, वयानं लहान, त्यांना कसंतरी व्हायचं. मग त्या पाय उचलायच्या आधी अक्काला नमस्कार करायच्या. कानडी असो, मराठी असो, सगळ्या. अक्का म्हणायची, "असू दे गं, दे आता पाय." मोठमोठ्या घरच्या मुली आमच्या मजुराच्या पोरीला नमस्कार करून मग खुर्चीत बसायच्या. हे मी रोज बघितलंय.

अशी पंधरा वर्षं गेली. सप्तापूरहून, कलघटगीहून बायका यायच्या, मथुराक्का हाय काय विचारून मगच चप्पल काढायच्या. मग गावात नवीन एसी पार्लरं निघाली आणि आमच्याकडची तरुण गिऱ्हाइकं तिकडं वळली. म्याडमना काळजी लागली. दोन हजार नऊ असेल, त्या बेंगळूरला एका लग्नाला गेल्या आणि तिथं मासे बघून आल्या. पाय पाण्यात सोडायचे, बारके बारके मासे येऊन मेलेली कातडी खातात. दागिना मोडून त्यांनी काचेची टाकी आणली. निळा लाईट, आठ पाय एका वेळी, बुडबुड्याचं मशीन. ठेवायची कुठं? खिडकीजवळ, रस्त्यावरनं दिसायला पाहिजे ना. अक्काची खुर्ची मागं पॅसेजमध्ये गेली, बाथरूमच्या शेजारी.

आमच्यात योगिता म्हणून एक होती, भुवया करायची, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मथुराक्का, सवती आल्या की गं तुझ्या. आणि एक दोन नाही, दोनशे."

अक्का म्हणाली, "येऊ देत. पगार न्हाई मागत बिचाऱ्या."

हसली खरी. पण मागं गेल्यावर बराच वेळ स्टुलावर तशीच बसून होती. काम कमी झालं तिचं. बायका खिदळत यायच्या, पाय टाकीत, गुदगुल्या, फोटो, आणि निघाल्या. पॅसेजमध्ये फक्त म्हाताऱ्या यायच्या.

आता ऐका पुढचं. पहिल्याच आठवड्यात अक्काच्या ध्यानात एक आलं. बायका पाय टाकीत सोडायच्या, मासे पायाला लागायचे. म्हणजे पाय माशांना लागला ना. जीव हाय, मुका जीव, त्याला पाय लागला. की बाईचा हात आपोआप खाली जायचा, बोटं पाण्यात बुडवायची, आणि डोळ्याला लावायची. या डोळ्याला, त्या डोळ्याला, मग छातीला. विचारलं तर त्यांना आठवायचं पण नाही आपण काय केलं ते. बेंगळूरला कुणी असं करत असेल नसेल, आमच्या हुबळीत दहातल्या सात जणी करायच्या. आणि पाणी कसलं? सकाळपासनं जेवढ्या बायका बसल्या तेवढ्यांच्या पायाचं.

अक्कानं म्याडमना सांगितलं. "म्याडम, पाणी डोळ्याला लावतात त्या. एकीच्या पायाचं उष्टं दुसरीच्या डोळ्यात जातंय."

म्याडम म्हणाल्या, "उष्टं काय त्यात? फिल्टर आहे, चोवीस तास चालू असतो."

"फिल्टर घाण ओढतो म्याडम, मी बघितलं. पण कुणाच्या बोटात चिखल्या असतात, कुणाला कापलेलं असतं. त्याच तोंडानं मासा हिला खाणार, त्याच तोंडानं तिला. पाणी तरी बदलू प्रत्येकीला."

"कुठलं पाणी? नळ आठवड्यातनं एकदा येतो ते तुला माहीत नाही?"

हे खरंच होतं. हुबळीचं पाणी म्हणजे काय ते हुबळीच्यालाच माहीत. नळ आला की घरातले तांबे पातेली सगळी भरायची आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायची. एवढी मोठी टाकी प्रत्येक बाईला बदलायची म्हटलं तर अख्ख्या बोळाचं पाणी लागलं असतं.

तरी अक्कानं एक केलं, आणि ते चुकलं. नळ आला त्या दिवशी पहाटे जाऊन तिनं अर्धी टाकी उपसली आणि ताजं नळाचं पाणी भरलं. नळाच्या पाण्यात औषध असतं, वास येतो ना. ते शिळं करून मग घालायचं असतं, आम्हाला कुठलं ठाऊक. दुपारपर्यंत निम्मे मासे उलटे होऊन वर आले. अक्का टाकीपाशी उभी. म्याडम रडल्या. योगिता सगळ्यांसमोर बोलली, "सवती मारल्यास शेवटी."

त्या दिवसानंतर अक्काचं कुणी ऐकेना. काय पण बोलली की जळून बोलते. मला पण एक दोघींनी विचारलं, तुझ्या अक्काची खुर्ची मागं गेली म्हणून हे सगळं ना. माशांमुळं तिचं काम गेलं होतं, ते दिसत होतं सगळ्यांना. मग माशांबद्दल तिनं खरं सांगितलं तरी ते खरं वाटणार कसं? त्यातनं त्याच महिन्यात डोळे यायची साथ आली, आमच्या दोन गिऱ्हाइकांचे पण डोळे आले. अक्का ते माशांवर ढकलू शकली असती. ढकललं नाही. म्हणाली, "साथ गावभर हाय शेवंते, आपल्याला काय माहीत."

म्याडमनी नवीन मासे आणले. आणि अक्कानं घरनं एक तांब्या आणला. पितळेचा, चिंचेनं घासून लख्ख केलेला. सकाळी पाणी उकळून, गार करून त्यात भरायची, वर फुलपात्र झाकण, आणि टाकीच्या काठावर ठेवायची. बाईचा हात टाकीच्या पाण्याकडं जायला लागला की अक्का पॅसेजमधनं येऊन म्हणायची, "अव्वा, अदु हच्चकोब्याड्री, ते नका लावू. ह्यातलं लावा डोळ्याला." आणि दोन थेंब हातावर घालायची. नमस्कार बंद करा म्हणाली असती तर कुणी ऐकलं नसतं, आणि सवयीला कोण अडवणार. तिनं नुसतं पाणी बदलून दिलं. बायका खुश. म्याडम पण काही बोलल्या नाहीत, उलट त्यांना वाटलं बरं दिसतंय, देवळासारखं.

आठ पंधरा दिवस असे गेले. मग एक दिवस केशवापूरच्या एक बाई आल्या, मुलीचं लग्न होतं, बरोबर जाऊबाई, नणंद, सगळी वरात. चारही जागा भरल्या. बाई बोलक्या होत्या.

"हे काय मथुराक्का, तीर्थ ठेवलंयस काय?"

"तीर्थ न्हवं ओ. उकळलेलं पाणी हाय. डोळ्याला लावायला."

"का? टाकीतलं नको?"

"डोळ्याला नको."

"आणि पायाला चालतंय?"

अक्कानं तांब्यावरचं फुलपात्र नीट केलं. म्याडम काउंटरवर होत्या, त्यांनी वर बघितलं. बाईंनी परत विचारलं, आता हसत नव्हत्या. "सांग की. पायाला चालतंय काय?"

अक्का म्हणाली, "तुमच्या पायाला कुठं कापलेलं, सोललेलं नसलं तर तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर मी माझा पाय घालणार न्हाई."

बाईंनी पाय वर घेतले. जाऊबाईंनी घेतले. चौघींचे पाय वर, पाणी ठिबकतंय, फडकं द्यायला मी धावले.

त्या गेल्यावर म्याडम मागं आल्या. ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "मथुरा, उद्यापासनं तो तांब्या इथं दिसता कामा नये."

"तांब्या काढते म्याडम. पण कुणी विचारलं तर तोंडानं सांगीन."

"कुणी विचारलं तर काही होत नाही म्हणायचं. चांगलं आहे म्हणायचं. एवढं जमेल?"

"न्हाई जमणार."

"माझा दागिना गेलाय त्यात. ही टाकी बुडाली तर पार्लर बुडतं. तुझी खुर्ची गेली म्हणून तू मला बुडवणार?"

अक्का म्हणाली, "खुर्ची तुमची. कुठं पण ठेवा. मी बाथरूममध्ये बसून पाय करीन. खोटं तेवढं सांगायला लावू नका."

"मग येऊ नकोस."

असं झालं ते. पंधरा वर्षांचं काम. अक्कानं कुकर घेतला, वज्री घेतली, तांब्या घेतला. मी माझं फडकं टाकून तिच्या मागं निघाले तर दारात म्हणाली, "तू कुठं यालीस? बस तिथं. दोघी उठलो तर चूल कशावर पेटणार." भावजींच्या पाठीचं दुखणं तेव्हा चालू होतं, दोन्ही घरं आमच्या दोघींवर होती. मी बसले.

मला अभिमान कशाचा वाटतो सांगू? खरं बोलल्याचा नाही, ते तर बोलून गेलं तोंडातनं. त्यानंतर ती गप्प राहिली, त्याचा. घरी बायका यायच्या, मथुराक्का का सोडलंस, माशांचं काय झालं. अक्का म्हणायची, "म्याडमना विचारा." एका एसी पार्लरवाल्यांनी माणूस पाठवला, आमच्याकडं ये, आणि तिथं काय झालं ते बायकांना सांग. अक्कानं त्याला चहा दिला आणि परत पाठवला. मी भांडले तिच्याशी. "अगं बोल की आता. आता कुणाचं भ्या?"

"तिथं होते तोवर तोंडावर बोलले. आता बाहेरनं बोलले तर काढून टाकली म्हणून बोलालीय म्हणतील. खऱ्याचं पण खोटं होतंय मग." आणि भाकरी थापत राहिली. घरात पैसा नव्हता त्या दिवसांत. चार घरची धुणी धरली तिनं. जिला बायका नमस्कार करायच्या ती लोकांच्या चादरी आपटत होती, आणि चेहऱ्यावर काही नाही.

पार्लरमध्ये मी होतेच. टाकी चालू होती, बायका कमी जास्त यायच्या. अक्का नाही म्हणून टाकी साफ करायचं काम म्याडमच करायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत, परत मासे मरतील म्हणून. असंच एक सकाळी त्या जाळी घेऊन घाण काढत होत्या. एक मासा उडाला आणि खाली फरशीवर पडला, त्यांच्या पायावरच. त्यांचा पाय हलला, माशाला लागला. त्यांनी घाईनं उचलून त्याला पाण्यात सोडला. आणि हात तसाच ओला, वर डोळ्याकडं गेला.

आणि थांबला. डोळ्यापासनं एवढ्यावर. मी झाडू घेऊन समोर उभी. म्याडमनी हाताकडं बघितलं. मग तो हात साबणानं धुतला, एकदा, परत एकदा. पुसला. मला म्हणाल्या, "शेवंता, अक्का घरी असेल आता?"

मी म्हटलं, "धुण्याला गेली असंल, येईल दहाला."

रिक्षानं आल्या त्या आमच्या गल्लीत. पहिल्यांदाच. अक्का ओल्या पातळानं दारात उभी. म्याडम बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मथुरा, मला लावता आलं नाही गं डोळ्याला. रोज बायका लावतात ते बघत होते मी. माझा हात तेवढा थांबला."

अक्कानं चटई अंथरली. म्याडम बसल्या.

"परत ये."

"आणि मासे?"

"मासे कुठं टाकू? जिवंत आहेत. आणि टाकीचे पैसे..."

अक्का म्हणाली, "मासे राहू देत की. मासे कुणाला काय करालेत. पोरं बघतील काचेतनं. पाय घालायचे न्हाईत एवढंच."

"बरं."

"आणि पाण्याचं मी बघणार. सगळं. नळ आला की किती भरायचं, कुणाला किती, कुठलं टाकायचं. माझ्या पाण्यात कुणी बोलायचं न्हाई. तुम्ही पण न्हाई म्याडम."

म्याडम थोडं हसल्या. "मी पण नाही."

दुसऱ्या दिवशी ती गेली. खुर्ची परत खिडकीला आली, टाकी पॅसेजमध्ये. दागिना बुडाला तो बुडाला, त्याचं म्याडमना वाईट वाटत राहिलं, पण पार्लर बुडालं नाही. अक्कानं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला कुलूप घातलं. घंगाळातलं पाणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर ओतायचं, डोळ्यासमोर नवीन भरायचं, असं चालू केलं. ओतलेलं पाणी फरशीला, फरशीचं बाहेरच्या पायरीला. एक तांब्या वाया नाही. केशवापूरच्या त्या बाई धाकट्या मुलीच्या लग्नाला परत आल्या, सगळी वरात घेऊन. माशांना चारा पण अक्काच घालायची. योगिता म्हणायची, "बघा, सवतींना भरवालीय." एक एक करून ते मासे म्हातारे होऊन मेले, शेवटचा गेला त्या दिवशी अक्का जेवली नाही.

ती गेली ती अचानक गेली. सकाळी कामावर जायला निघाली आणि उंबऱ्यातच बसली. आंघोळ घालायला आम्ही बायका बसलो तेव्हा म्याडम आल्या, आता त्या पण म्हाताऱ्या झाल्यात, गुडघे धरून खाली बसल्या आणि म्हणाल्या, पाय मी धुते. कुणी अडवलं नाही. हळू धुतले त्यांनी, बोटांच्या बेचक्यात बघून बघून, तिच्यासारखेच.

अक्काच्या कमरेला किल्ली होती, पार्लरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची. मी सोडून म्याडमच्या हातात द्यायला गेले. त्यांनी घेतली नाही. "राहू दे तुमच्याकडं," म्हणाल्या, "मी कुलूप तोडून घेते."